सुरक्षा प्रशिक्षण: वर्गात, पडद्यावर की यंत्रापाशी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या कंपनीत चार ठिकाणी मिळून तीनशेच्या आसपास माणसे काम करतात, त्यांतली बरीच कंत्राटी आहेत आणि बहुतेकांना पाळ्या आहेत. व्यवस्थापनाने सगळे सुरक्षा प्रशिक्षण ऑनलाइन करण्याचे जवळपास ठरवले आहे आणि तयार अभ्यासक्रम पुरवणाऱ्या एका कंपनीचा प्रस्तावही टेबलावर आहे. उलट आपल्या जुन्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, समोर बसवून शिकवल्याशिवाय सुरक्षा कोणाच्या डोक्यात शिरत नाही. यांत खरे कोणाचे, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे दोन्ही पद्धतींनी हे काम करत आले आहे, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते. ज्या विषयात कामगाराला पुढे स्वतःच्या हाताने काही करायचे आहे, तिथे ते करताना त्याला एका जाणत्या माणसाने एकदा तरी पाहिलेच पाहिजे. बाकीचे पुष्कळसे पडद्यावर देता येते आणि त्यातले काही तर पडद्यावरच अधिक नीट देता येते.

आपल्या प्रश्नात मला खरी अडचण वेगळीच दिसते. प्रशिक्षणाकडून कंपनीला तीन गोष्टी हव्या असतात: कामगाराला माहिती मिळावी, ते काम त्याच्या अंगवळणी पडावे, आणि तो ते काम सुरक्षितपणे करू शकतो याची कोणीतरी खात्री केलेली असावी. ऑनलाइन अभ्यासक्रम पहिली गोष्ट उत्तम करतो, दुसरी फार थोडी करतो आणि तिसरी करत नाही. मात्र त्याच्या शेवटी जे प्रमाणपत्र निघते, त्यावरून तिन्ही गोष्टी झाल्याचा समज होतो. हा समज आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या पद्धतीतही तितकाच असतो, हेही सांगितले पाहिजे. साठ माणसांना सभागृहात बसवून दोन तास स्लाइड दाखवायच्या आणि हजेरीपटावर सह्या घ्यायच्या, याला समोरासमोरचे प्रशिक्षण म्हणायचे असेल, तर त्यापेक्षा बरा ऑनलाइन अभ्यासक्रम केव्हाही चालेल. निदान तो मागच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू येतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. २००६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात मायकल बर्क आणि सहकाऱ्यांनी ९५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्या अभ्यासांत मिळून सुमारे २१ हजार कामगार होते. त्यांनी प्रशिक्षणाची विभागणी शिकणाऱ्याचा सहभाग किती, या निकषावर केली. सगळ्यात कमी सहभागाच्या गटात व्याख्यान, माहितीपत्रके आणि चित्रफिती एकत्र होत्या. मधल्या गटात टप्प्याटप्प्याने शिकवून लगेच चूक-बरोबर सांगणाऱ्या पद्धती होत्या, आणि वरच्या गटात प्रत्यक्ष करून दाखवणे, करून घेणे आणि सुधारणे या पद्धती होत्या. सहभाग वाढत गेला तसतसे ज्ञानही वाढले आणि अपघात-इजा कमी होण्यावर परिणामही अधिक दिसला. म्हणजे या मोजपट्टीवर सभागृहातले व्याख्यान आणि पडद्यावरची चित्रफीत एकाच, खालच्या पायरीवर बसतात, आणि आपल्या कार्यालयातला वाद बहुधा याच एका पायरीच्या दोन टोकांमध्ये चालू आहे. २०१२ साली रॉब्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या दुसऱ्या आढाव्याचा निष्कर्षही ध्यानात ठेवण्यासारखा आहे: प्रशिक्षणाने कामगारांचे वागणे बदलते याचा पुरावा भक्कम आहे, पण केवळ प्रशिक्षणाने इजा आणि आजार कमी होतात असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. यात मला नवल वाटत नाही. धोका मुळातून काढून टाकणे, कमी धोक्याचा पर्याय वापरणे आणि यंत्राला संरक्षक जाळी बसवणे हे उपाय नेहमीच प्रशिक्षणाच्या वरचे आहेत. ज्या फिरत्या पट्ट्याला जाळीच नाही, त्याच्यापासून जपून राहायला शिकवण्यात वर्गही कमी पडतो आणि पडदाही.

आता परिस्थितीनुसार काय बदलते ते पाहू. आपल्याकडे कार्यालयीन काम किती आणि यंत्रावरचे किती, कामगारांना कोणती भाषा सहज वाचता येते, की वाचण्याचीच सवय नाही, पाळी संपल्यावर किंवा सुरू होण्यापूर्वी शांतपणे बसायला जागा आहे का, कंत्राटी माणसे दर काही महिन्यांनी बदलतात का, आणि चारही ठिकाणी शिकवू शकेल असा अनुभवी माणूस आहे का, या गोष्टी मला माहीत नाहीत आणि उत्तर त्यांवर बरेच अवलंबून आहे. संगणकावर दिवसभर काम करणाऱ्यांच्या कार्यालयात जवळपास नव्वद टक्के भाग ऑनलाइन गेला तरी फारसे बिघडणार नाही. जिथे टाक्यांत उतरणे, उंचीवर चढणे, फोर्कलिफ्ट चालवणे आणि रसायने हाताळणे हे रोजचे आहे, तिथे हेच प्रमाण धोकादायक ठरेल.

ऑनलाइन पद्धतीचे गुण मी मनापासून मानते. चार ठिकाणी चार प्रशिक्षक एकच विषय चार प्रकारे शिकवतात आणि त्यातला एक जण नेमका महत्त्वाचा मुद्दा वगळतो, हा अनुभव सगळ्यांना आहे. तयार अभ्यासक्रमात तो धोका राहत नाही. रात्रपाळीच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बोलावून घ्यावे लागत नाही. ज्याला समजायला वेळ लागतो तो तोच भाग पुन्हा पाहू शकतो, आणि चारचौघांत हात वर करून ‘कळले नाही’ म्हणण्याचा संकोच त्याला आड येत नाही. रसायनांच्या डब्यांवरची नऊ धोकाचिन्हे ओळखणे, रसायनाच्या सुरक्षितता माहितीपत्रकाच्या सोळा भागांपैकी प्रथमोपचार कोणत्या भागात आणि साठवणूक कोणत्या भागात आहे ते शोधणे, अपघात किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग कोणाला आणि कसा कळवायचा, आपत्कालीन मार्ग कोणते, कामगाराचे हक्क आणि जबाबदाऱ्या काय, हे सगळे ऑनलाइन चांगले शिकवता येते. शिवाय प्रश्नांच्या उत्तरांची नोंद आपोआप साठते, आणि मला वाटते हा या पद्धतीचा सर्वांत दुर्लक्षित फायदा आहे. एकाच प्रश्नाला निम्मे लोक चुकत असतील, तर दोष बहुधा लोकांचा नसतो. एक तर शिकवण्यात खोट असते, नाहीतर कागदावरची पद्धत आणि जागेवरची पद्धत वेगळी असते. पुरवठादाराकडून नुसती उत्तीर्णांची यादी न मागता प्रश्नवार चुकांचा तक्ता मागावा, असे मी प्रत्येकाला सांगते.

आता जिथे पडदा तोकडा पडतो तो भाग. लॉकआउट-टॅगआउटचे उदाहरण घेऊ. यंत्र दुरुस्तीपूर्वी बंद करायचे, ऊर्जेचे सगळे स्रोत तोडायचे, प्रत्येकाने आपले कुलूप आणि पाटी लावायची, साठून राहिलेली ऊर्जा सोडून द्यायची आणि मग यंत्र खरोखर मेले आहे का, हे चालू करण्याचा प्रयत्न करून तपासायचे, हा क्रम पडद्यावर दहा मिनिटांत कळतो आणि चाचणीत शंभरपैकी शंभर मिळतात. त्याच माणसाला त्याच्या नेहमीच्या प्रेसपाशी, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रापाशी, उभे करून ‘बंद कर’ म्हणून सांगितले की, काय काय सुटते ते दिसू लागते. मुख्य विद्युत स्विचला कुलूप लागते, पण हवेच्या दाबाची नळी तशीच राहते, कारण तिचा व्हॉल्व्ह मागच्या बाजूला आणि तेलकट आहे. हायड्रॉलिक दाब सोडला जातो, पण वर उचललेला जड भाग कशावर टेकवून ठेवायचा हे कोणी सांगितलेले नसते. आणि शेवटची पायरी, म्हणजे माणसे बाजूला आहेत याची खात्री करून चालू करण्याचे बटण दाबून पाहणे आणि ते पुन्हा बंद स्थितीत आणणे, ही तर सर्रास वगळली जाते; कुलूप लावले म्हणजे झाले, अशी भावना असते. चित्रफितीतल्या यंत्राला एक स्विच असतो, आपल्या यंत्राला ऊर्जेचे पाच स्रोत असू शकतात. ही दरी प्रशिक्षक यंत्रापाशी उभा राहिल्याशिवाय भरत नाही, आणि सभागृहातही भरत नाही.

टाकीसारख्या बंदिस्त जागेत उतरण्याचे प्रशिक्षण याहून नाजूक आहे. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संशोधन संस्थेने १९८६ सालीच नोंदवून ठेवले आहे की, बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. ‘आधी मदत बोलवा, स्वतः आत शिरू नका’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. डोळ्यांदेखत जोडीदार कोसळला की पाठांतर बाजूला राहते आणि पाय आत वळतात. तो क्षण सरावाने ओळखीचा करून द्यावा लागतो: बाहेर उभ्या असलेल्या माणसाने बाहुली टाकीत पडलेली पाहायची, जागचे न हलता बोलावणी करायची आणि तिपाईवरच्या दोरीने तिला वर ओढायचे. वायुमापकाचेही तसेच आहे. प्राणवायू आधी, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू, हा क्रम पडद्यावर शिकता येतो, आणि त्याचे कारणही, की प्राणवायू कमी असेल तर ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर चुकीचा आकडा दाखवू शकतो. पण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आणि मिथेन हलका, म्हणून तळ, मध्य आणि वरचा भाग अशा तिन्ही पातळ्यांवर नळी सोडून, ती हवा मापकापर्यंत पोहोचेस्तोवर धीराने थांबणे, हे हाताला शिकवावे लागते. बहुतेक जण नळी सोडतात आणि लगेच आकडा वाचतात. पडद्यावर हा थांबण्याचा वेळ कोणालाच जाणवत नाही, कारण चित्रफितीत तो कापलेला असतो.

अशीच आणखी एक छोटी गोष्ट. फोमचे कानबोळे कसे घालायचे हे सांगायला अर्धे मिनिट पुरते: स्वच्छ हातांनी बोळा वळून बारीक, सुरकुती नसलेली वात करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. हे पाहून झाल्यावर माणसांना एका ओळीत उभे करून समोरून बघा. ज्यांचे बोळे कानाबाहेर डोकावताना दिसतात, त्यांना पाकिटावर लिहिलेल्या संरक्षणाचा अंशच मिळत असतो, आणि ते स्वतः मात्र नियम पाळत असल्याच्या समाधानात असतात. एकेकाचा कान धरून (अक्षरशः) दुरुस्त केले की दोन मिनिटांत फरक पडतो. उंचीवरून पडताना धरून ठेवणाऱ्या पूर्ण अंगाच्या हार्नेसचे मांडीवरचे पट्टे, श्वसनमास्कची चेहऱ्यावरची पकड आणि छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचा प्रथमोपचार हे याच जातीचे विषय आहेत. छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे आकडे सगळ्यांना येतात. त्याला किती जोर लागतो हे बाहुलीवर दाबल्याशिवाय कळत नाही, आणि हे कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते.

कायद्याचा भाग प्रत्येक देशात वेगळा आहे आणि आपल्याला लागू असलेला नियम आपण स्वतः वाचूनच निर्णय घ्यावा. तरी नियमांचा कल कोणीकडे आहे हे दाखवणारी दोन उदाहरणे देते. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या फोर्कलिफ्टविषयक नियमात शिकवणीचा तात्त्विक भाग संगणकावर चालतो, पण त्याच्या जोडीला प्रात्यक्षिक आणि चालकाचे कामाच्या जागी मूल्यमापन हे दोन्ही सक्तीचे आहे, आणि निदान दर तीन वर्षांनी त्याच्या कामगिरीचे पुन्हा मूल्यमापन करावे लागते. रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांविषयीच्या त्यांच्या नियमात शिकणाऱ्याला प्रशिक्षण देणाऱ्या व्यक्तीला प्रश्न विचारून उत्तर मिळवण्याची संधी असलीच पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे नियम माध्यमावर बंदी घालत नाहीत. प्रश्नाला उत्तर देणारा माणूस आणि काम पाहणारा डोळा यांची मागणी करतात. ब्रिटनच्या १९९९ च्या नियमांत तर प्रशिक्षण कामाच्या वेळेतच झाले पाहिजे, अशी अट आहे. ऑनलाइन झाले की ‘घरी जाऊन मोबाइलवर करा’ असे सांगण्याचा मोह होतो, म्हणून ही अट मला विशेष महत्त्वाची वाटते. दमलेला माणूस घरी अभ्यासक्रम करत नाही, तो संपवतो. किंवा त्याचा मुलगा संपवतो.

व्हिडिओ कॉलवरचा थेट वर्ग हा तयार ऑनलाइन अभ्यासक्रम आणि समोरासमोरचे प्रशिक्षण या दोहोंच्या मधला आहे आणि त्याचा विचार आपल्याकडे झालेला दिसत नाही. पंधरा-वीस जणांपर्यंत तो चांगला चालतो. प्रत्येक ठिकाणी एक सहायक ठेवून त्याने कॅमेरा यंत्राकडे वळवला तर दूरचा प्रशिक्षकही पुष्कळ काही पाहू शकतो. शंभर माणसे जोडली आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद असले की मात्र ते पुन्हा व्याख्यानच होते.

आपल्या जागी मी असते तर विषयांची यादी घेऊन प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला असता: हे काम चुकले तर ते कोणाला, कधी आणि कसे दिसेल? चूक चाचणीच्या उत्तरात दिसत असेल, तर विषय ऑनलाइन जाऊ द्यावा. चूक फक्त हातात, शरीराच्या ठेवणीत किंवा यंत्राच्या मागच्या बाजूला दिसत असेल, तर तिथे माणूस हवा. मग तात्त्विक भाग प्रत्येकाने आठवडाभर आधी, कामाच्या वेळेत, ऑनलाइन करावा आणि प्रात्यक्षिक सहा ते आठ जणांच्या गटात थेट यंत्रापाशी घ्यावे. तात्त्विक भाग आधीच झालेला असल्याने हे प्रात्यक्षिक पूर्वीच्या दिवसभराच्या वर्गापेक्षा बरेच आटोपशीर होते, आणि प्रशिक्षणाने पाळी मोडते अशी व्यवस्थापनाची तक्रार असेल, तर तिला हेच सर्वांत चांगले उत्तर आहे. पैशांचा हिशेब मांडताना अभ्यासक्रमाच्या परवान्याची किंमत तेवढी धरू नका. कामाच्या वेळेतले तास, प्रात्यक्षिक घेणाऱ्याचा वेळ आणि भाषांतराचा खर्च हेही धरा. नाहीतर ऑनलाइन पर्याय कागदावर स्वस्त दिसेल आणि वर्षअखेरीस प्रात्यक्षिकासाठी पैसे उरलेले नसतील.

प्रात्यक्षिक कोणी घ्यायचे, हा पुढचा प्रश्न. बाहेरून प्रशिक्षक बोलावण्याऐवजी शक्य तिथे त्या विभागाचा सुपरवायझर तयार करावा, असे माझे मत आहे. त्याला ते यंत्र माहीत असते, आणि रोज सकाळच्या पाच मिनिटांच्या बोलण्यातून शिकवलेले जिवंत ठेवणेही त्यालाच शक्य असते. अर्थात तो स्वतःच आडमार्गाने काम करणारा असेल, तर त्याच्या हाती शिकवणे देण्यापूर्वी त्याचे काम पाहून घ्यावे लागते, कारण नवा माणूस अभ्यासक्रमापेक्षा सुपरवायझरच्या हाताकडे बघून शिकतो. कंत्राटी कामगारांना यातून कधीही वगळू नका. त्यांचे प्रशिक्षण कंत्राटदार करून देईल, या भरवशावर राहिलात तर प्रमाणपत्रे सगळी येतील, पण आपल्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्यांतल्या कोणालाही माहीत नसेल.

भाषेबद्दल एकच सांगते. ज्या भाषेत माणूस सहकाऱ्याला ‘सांभाळ!’ म्हणून ओरडतो, त्या भाषेत अभ्यासक्रम हवा. कोणाला वाचायला जड जात असेल तर ध्वनी आणि चित्रे हवीत, आणि चाचणीही तशीच हवी. नाहीतर आपण सुरक्षेची परीक्षा घेत नसून वाचनाची घेत असतो.

परिणाम मोजताना बहुतेक जण वर्षाच्या अपघातसंख्येकडे बघतात. तीनशे माणसांत गंभीर अपघात इतके थोडे असतात की, एखादा वाढला किंवा कमी झाला तरी त्यावरून प्रशिक्षणाबद्दल काहीच सांगता येत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेल्या चार पातळ्या अजूनही कामाच्या आहेत: शिकणाऱ्याला कसे वाटले, तो काय शिकला, त्याचे वागणे बदलले का, आणि संस्थेला काय फळ मिळाले. ऑनलाइन व्यवस्था पहिल्या दोन पातळ्यांचे सुंदर आलेख काढून देते आणि व्यवस्थापन त्यावरच समाधान मानते. आपल्याला तिसरी पातळी हवी. त्यासाठी महिन्याभराने, आगाऊ न सांगता, पाच-सहा जणांना काम करताना पाहावे आणि ठरलेल्या पायऱ्यांपैकी किती पाळल्या ते टिपावे. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांच्या नोंदी सुरुवातीला वाढल्या तर घाबरू नये. लोकांना धोका ओळखता येऊ लागला आणि सांगायला भीती वाटेनाशी झाली, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो.

आता आपल्या टेबलावरच्या प्रस्तावाबद्दल. सही करण्यापूर्वी पुरवठादाराला काही गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमात आपल्या यंत्रांची छायाचित्रे आणि आपल्या कामाच्या पद्धती घालता येतील का? कामगाराने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देणार आणि किती वेळात? प्रश्न दर वेळी बदलतात, की एकाची उत्तरे सगळ्यांच्या मोबाइलवर फिरणार? चित्रफीत पुढे ढकलून थेट चाचणीला जाता येते का? प्रात्यक्षिक कोणी, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या तारखेला पाहिले, हे नोंदवायला त्या व्यवस्थेत जागा आहे का, आणि ती जागा रिकामी असताना प्रमाणपत्र निघते का? शेवटच्या प्रश्नाला ‘निघते’ असे उत्तर आले, तर ती सोय बंद करून घेणे ही करारातली पहिली अट ठेवा. आणि सगळे विषय एकदम हलवण्याऐवजी सुरुवात रसायनांच्या चिन्हांपासून आणि लॉकआउटपासून करा: पहिला विषय जवळपास पूर्ण ऑनलाइन जातो, दुसऱ्याचा फार थोडा भाग जातो, आणि तीन-चार महिन्यांत दोन्हींचे प्रत्यक्ष काम पाहिल्यावर उरलेल्या विषयांची वाटणी करायला आपल्याकडे स्वतःची निरीक्षणे असतील.